लेखनिक आणि डमी

दिवाळीत पुण्याहून, नागपूरहून पोरं घरी आली की आमच्या वाचनालयात रोज संध्याकाळी बैठक जमते. दारव्ह्याकडचं गाव आहे. कापसाचा भाव, पीकविमा आणि भरतीच्या तारखा हे नेहमीचे विषय. यंदा मात्र तीन संध्याकाळी एका कॉम्प्युटर गेमवरून भांडण्यात गेल्या. भांडणाचं कारण माझा पुतण्या. तो जन्मापासून अंध आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकतो आणि चार वर्षांपासून इंटरनेटवर निव्वळ मजकुरावर चालणारा एक गेम खेळतो. त्या गेममधून त्याला काढून टाकलं. कारण असं दिलं की त्याच्या पात्राकडून आज्ञा जात होत्या, पण माणूस जागेवर नव्हता. त्याच्या वतीने प्रोग्राम खेळत होता. बैठकीत दोन तट पडले. एक तट म्हणतो, स्वतःच्या बोटांनी टाइप केलं तरच तो खेळ, बाकी सगळी चीटिंग. दुसरा म्हणतो, गेमच तो, त्यात न्याय-अन्याय कसला शोधता? माझं भांडण दोघांशीही आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपण ठरवलेल्या आज्ञा यंत्राकडून टाइप करून घेण्यात अन्याय नाही. अन्याय सुरू होतो तो माणूस खुर्चीवरून उठून गेला की, किंवा बसलेला असूनही ठरवायचं काम त्याने यंत्रावर टाकलं की. परीक्षेच्या भाषेत बोलायचं तर लेखनिक चालेल, डमी चालणार नाही. आमच्या बैठकीने तीन दिवस या दोघांना एकाच दाव्याला बांधलं, म्हणून हा लेख.

ज्यांनी हा गेम पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पडद्यावर चित्र नसतं, फक्त वाक्यं येतात: तू ओल्या गुहेत उभा आहेस, उत्तरेला वाट आहे, कोपऱ्यात लांडगा गुरगुरतो आहे. तुम्ही ‘नॉर्थ’ टाइप केलं की उत्तरेला जाता, ‘किल वुल्फ’ टाइप केलं की लढाई सुरू. त्याच वेळी त्याच गुहेत दुसऱ्या देशातला कुणी तुमच्या शेजारी उभा असतो आणि तुमच्याशी बोलतो. अशा खेळांना ‘मड’ म्हणतात. पहिला मड 1978 साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या इंग्रज समाजाचा दोघांनाही राग होता. आपल्या जगात तरी माणूस काय करतो त्यावर त्याची पायरी ठरावी, असं त्यांना वाटत होतं, हे बार्टल यांनी पुढे सांगितलं आहे. म्हणजे न्यायाचा प्रश्न या खेळाला कुणी बाहेरून चिकटवलेला नाही, खेळ जन्मला तोच त्या प्रश्नातून. ‘गेमच तो’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं. आणि माझ्या पुतण्यासाठी तो ‘गेमच’ नाही. गावातली पोरं पारावर बसून मोबाइलवर बंदुकांचे गेम खेळायची तेव्हा हा शेजारी बसून नुसते आवाज ऐकायचा. मग कॉलेजच्या एका मित्राने त्याच्या लॅपटॉपवर ‘एनव्हीडीए’ टाकून दिलं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं हे मोफत सॉफ्टवेअर 2006 साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने सुरू केलं. मडमध्ये सगळंच वाक्यांत असल्यामुळे पहिल्यांदा असा खेळ सापडला ज्यात डोळस आणि अंध एकाच गुहेत उभे राहतात. डेटाही अगदी थोडा लागतो; नेटच्या दोन कांड्या असल्या तरी चालतो.

आता वादाच्या मुळाशी येऊ. मड खेळायला जे प्रोग्राम वापरतात, त्यांना क्लायंट म्हणतात. त्यात तीन सोयी असतात. लांब आज्ञेला छोटं नाव देता येतं. अमुक वाक्य पडद्यावर आलं की तमुक आज्ञा आपोआप जावी, अशी व्यवस्था करता येते; तिला ट्रिगर म्हणतात. आणि ठराविक वेळाने आज्ञा पाठवणारा टायमर लावता येतो. ही आजकालच्या आळशी पोरांची खोड आहे, असं बैठकीत एक जण म्हणाला. तसं नाही. कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 1991 साली ‘डिकूमड’ बाहेर आणला. त्या जगातला एक तास आपल्या 75 सेकंदांचा, आणि तास पालटला की सगळ्यांच्या जखमा थोड्या भरतात. त्या ठोक्याला ‘टिक’ म्हणतात. ती टिक कधी पडणार हे मोजून देण्यासाठी खेळाडूंनी क्लायंट लिहिले, आणि त्यातल्या ‘टिनटिन’ या क्लायंटच्या तर इंग्रजी नावाच्या विस्तारातच ती टिक आहे. यंत्राची मदत या खेळात तीस वर्षांहून जुनी आहे.

माझ्या पुतण्याचे ट्रिगर मी स्वतः त्याच्या शेजारी बसून पाहिले आहेत. ‘तुला भूक लागली’ असं वाक्य आलं की पिशवीतली भाकर खाल्ली जाते. जीव एका आकड्याच्या खाली गेला की घंटी वाजते. लढाईत एका फेरीला दहा-पंधरा ओळी धडाधड येतात. त्यातल्या कामाच्या दोनच ओळी त्याला ऐकू येतात, बाकीच्या गाळल्या जातात. लढायचं की पळायचं, कोणाला वाचवायचं, कोणत्या दाराने निघायचं, हे तो ठरवतो. डोळस मुलगा पंधरा ओळींवरून एका क्षणात नजर फिरवतो. याला त्या एकेक करून ऐकाव्या लागतात, आणि ऐकून होईपर्यंत पुढची फेरी डोक्यावर आलेली असते. फक्त बोटांनी खेळा म्हणणारा नियम वरून सगळ्यांना सारखा दिसतो. पण तो कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवतो?

दहावी-बारावीला त्याच्या शेजारी लेखनिक बसत होता. उत्तर हा सांगायचा, पेन लेखनिकाच्या हातात. आपल्या गावात कुणी म्हटलं का की अक्षर याचं नाही म्हणून मार्क याचे नाहीत? केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा परीक्षार्थीला तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात, तीही कुणाला खुपत नाहीत. कारण परीक्षा पेन धरण्याची नसून विषयाची आहे, हे आपण मनोमन मान्य केलं आहे. आणि हेही मान्य केलं आहे की लेखनिकाने स्वतःच्या मनाने उत्तर लिहिलं, तर तो लेखनिक राहत नाही. भरतीला दुसऱ्याच्या नावावर बसणारा डमी आणि बारावीचा लेखनिक, दोघंही दुसऱ्यासाठीच लिहितात. तरी एकाला आपण पोलिसांत देतो आणि दुसऱ्याला मधल्या सुट्टीत चहा पाजतो. फरक कशाचा आहे? उत्तर कोणाच्या डोक्यातून आलं, आणि ज्याचं नाव पेपरवर आहे तो वर्गात हजर होता का, याचा.

विरोधकांचा सगळ्यात जड मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. बॉट, म्हणजे माणसाच्या जागी आपोआप खेळणारा प्रोग्राम, लावून माणूस झोपतो. रात्रभर त्याचं पात्र त्याच पाच खोल्यांतून फिरतं, लांडगा पुन्हा उपजला की मारतं, सोनं गोळा करतं. दिवसभर कॉलेज करून संध्याकाळी तासभर खेळायला आलेल्या मुलाला त्या खोल्या रिकाम्या सापडतात, आणि बाजारात सोनं उदंड झाल्यामुळे साधी ढालही त्याला परवडत नाही. हे नुकसान कसं होतं ते आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. कृषिपंपाला ऑटो स्टार्टर लावतात. लाइन आली की पंप आपोआप सुरू, मालक घरी झोपलेला. एकट्याने लावला तर फार बिघडत नाही. पण एका डीपीवरच्या, म्हणजे विजेच्या एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्यांनी लावला की लाइन येताक्षणी सगळे पंप एकदम लोड घेतात आणि डीपी जळते. मग ऐन हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळी सगळी शेतं कोरडी पडतात, ज्याने ऑटो लावला नव्हता त्याचंही. गैरहजर माणसाचं यंत्र सामायिक वस्तूवर चालतं तेव्हा ते नुसतं त्याचं काम हलकं करत नाही, हजर असलेल्याचा वाटा खातं. गैरहजेरीतला बॉट बंदच असला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

पण हीच उपमा जरा पुढे न्या. डीपी जळाली म्हणून ऑटो काढा सांगणारा वायरमन कधी ‘पंप काढा, मोट जुंपा’ म्हणतो का? पंपही यंत्रच आहे. त्याचं बटण दाबायला माणूस बांधावर आला, पाणी कोणत्या सरीत वळवायचं ते त्याने पाहिलं, की आपलं समाधान होतं. आमच्या बैठकीतला बोटांचा आग्रह हा मोट जुंपण्याचा आग्रह आहे. आणि तो धड पाळताही येत नाही. ‘नॉर्थ’ऐवजी नुसतं ‘एन’ टाइप केलं तर चालेल का? वरचा बाण दाबून मागची आज्ञा परत पाठवली तर? मोबाइलच्या कीबोर्डने शब्द स्वतःच पुरा केला तर? बोट आणि यंत्र यांच्यामध्ये नेमकी रेघ ओढायला बसलात तर सकाळ होईल. हजर आणि गैरहजर यांच्यामधली रेघ मात्र कुणालाही दिसते.

आणखी एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. शेतकरी ऑटो लावतो तो हौसेने नाही. लाइन रात्री दोनला येते, बांधावर साप, पिकात रानडुक्कर, आणि टिपेश्वरच्या बाजूला असाल तर वाघही. त्याने जायचं कसं? तसंच, पुढची पायरी चढायला तोच लांडगा पाचशे वेळा मारायला लावणारा गेम ज्याने लिहिला, त्याने एकट्या बॉटवाल्यांवरच रागावू नये. माणसाला जिथे काही ठरवायचंच नसतं, तिथे तो यंत्र बसवणारच. याने बॉट माफ होत नाही. डीपी जळायची ती जळतेच. पण दंड लावणाऱ्याने आपल्या वेळापत्रकाकडेही पाहावं.

दुसरा मुद्दा पुण्याला नोकरी करणाऱ्या एका इंजिनिअर मुलाने मांडला आणि तो मला रात्रभर टोचत राहिला. तो म्हणाला, “सर, माणूस बसलेला असला म्हणजे झालं, असं कसं? दोघं समोरासमोर लढतात आणि दोघांच्या स्क्रिप्टच सगळं करतात. मग जिंकलं कोण?” स्क्रिप्ट म्हणजे असे ट्रिगर जोडून लिहिलेला प्रोग्राम. त्याचं म्हणणं खरं आहे, आणि घडलेलं आहे. 1997 पासून चालणाऱ्या ‘अकेया’ या प्रसिद्ध मडमध्ये लढाई विषांची असते. शत्रू तऱ्हेतऱ्हेची विषं आणि व्याधी लादतो, प्रत्येकीवर उतारा वेगळा. कोणता उतारा आधी घ्यायचा, यावरच जय-पराजय. खेळाडूंनी हे काम करणाऱ्या स्क्रिप्ट लिहिल्या, काहींनी त्या पैशांना विकल्या, आणि ज्याच्याकडे चांगली स्क्रिप्ट नाही त्याने लढाईत उतरूच नये अशी पाळी आली. इथे मी हात वर करतो. जिथे ठरवणं हाच खेळ आहे, तिथे ठरवणारं यंत्र डमीच, मालक शेजारी बसून चहा पीत असला तरी.

पण यावर बंदी हा एकच उपाय आहे का? अकेयाच्या चालकांनी उतारा घेण्याची आपोआप सोय गेमच्या सर्व्हरमध्येच घातली आणि ती सगळ्यांना खुली केली. जे काही जणांचं शस्त्र होतं ते सगळ्यांच्या पायाखालची जमीन झालं, आणि लढाई त्याच्या वरच्या मजल्यावर गेली: शत्रूच्या या सोयीला फसवायचं कसं? बुद्धिबळातही हेच दिसतं. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 साली जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. आज त्या पातळीवरचं कोणीही इंजिनशिवाय, म्हणजे चाली सुचवणाऱ्या प्रोग्रामशिवाय, तयारी करत नाही, पण पटावर बसल्यावर इंजिनचा एक सल्लाही घेतला तर तो गुन्हा. आणि ‘फिडे’ या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या त्याच नियमांत अंध खेळाडूला सहाय्यक घेता येतो. तो खेळाडूने सांगितलेली चाल पटावर करतो, प्रतिस्पर्ध्याची चाल मोठ्याने सांगतो, खेळाडूच्या वतीने चाली लिहून ठेवतो. सोंगटी कोणाच्या हाताने हलली याला तिथे काडीची किंमत नाही. चाल कोणाच्या डोक्यातून आली, याला सगळी किंमत. बुद्धिबळासारख्या कडक खेळाला जे जमतं ते गुहेतल्या लांडग्याच्या खेळाला का जमू नये?

‘टाइप करणं हेच तर स्किल आहे’ असंही कोणी म्हणालं. टायपिंगची परीक्षा वेगळी असते; आमच्या तालुक्याला तिचे क्लास आहेत, 30 ची आणि 40 ची बॅच रोज भरते. ज्याला स्पीड दाखवायचा त्याने तिथे दाखवावा.

मग आमच्या वाचनालयाचे सगळ्यात ज्येष्ठ सभासद बोलले. त्यांचा शब्द मी मोडत नाही, पण या वेळी मोडावा लागला. ते म्हणाले, “गुरुजी, सेवाग्राम इथून काही दूर नाही. बापूंच्या शेजारात राहून तुम्ही यंत्राची बाजू घेता?” मी घेतो, आणि बापूंचाच आधार घेऊन घेतो. 1924 साली ‘यंग इंडिया’त त्यांनी स्वच्छ लिहिलं की आपला विरोध यंत्राला नाही, यंत्राच्या वेडाला आहे, आणि शिवणयंत्राचं त्यांनी कौतुक केलं. पुढे 1929 मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. त्या काळचे एक लाख! अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा झोपडीत चालला पाहिजे, बाईला फार श्रम न होता आठ तास चालवता आला पाहिजे, किंमत 150 रुपयांच्या वर नको, वीस वर्षं टिकला पाहिजे, दुरुस्ती स्वस्तात झाली पाहिजे. जुन्या चरख्यापेक्षा कितीतरी पट सूत त्यांना हवं होतं, म्हणजे वेगाला त्यांची ना नव्हती. पण वेग ज्याच्या त्याच्या झोपडीत राहावा आणि चालवणारी बाई चरख्यासमोर बसलेली असावी, ही अट होती. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. तरी यंत्र कसं जोखावं हे त्या अटींनी सांगून ठेवलं आहे, आणि मी मडच्या स्क्रिप्टला त्याच अटी लावतो. ती सगळ्यांना मिळते का, विकत घेण्याची ऐपत नसणाऱ्यालाही? मोडली तर त्याला दुरुस्त करता येते का? आणि तो स्वतः समोर बसलेला आहे का? ‘मडलेट’सारखा क्लायंट फुकट आहे, त्याचा कोड उघडा आहे, म्हणून तो चरख्याच्या जातीचा. पैसे मोजून घेतलेली, आत काय आहे ते कुणाला न दिसणारी लढाईची स्क्रिप्ट त्या जातीची नाही, आणि स्पर्धेत तिला बंदी घातली तर मी टाळ्या वाजवीन.

राहता राहिला तपासणीचा प्रश्न, आणि खरी मेख इथे आहे. हजर की गैरहजर ही रेघ दिसते असं मी म्हणालो. पण चालकाला ती हजारो मैलांवरून पाहायची असते. मडमध्ये जुनी पद्धत आहे: चालक त्या खोलीत येतो आणि पात्राला प्रश्न विचारतो. उत्तर आलं तर माणूस आहे, नाही आलं तर बॉट. पद्धत चांगली आहे. 2025 च्या जुलैपासून तत्काळ तिकिटाला आधारची पडताळणी लागते, तीही याच विचाराची. सॉफ्टवेअर लावून क्षणात तिकिटं उडवणाऱ्यांपुढे बोटांच्या वेगाचा नियम टिकत नाही, माणूस कोण आहे ते विचारावं लागतं.

पुतण्याला चालकाने प्रश्न विचारला तेव्हा तो लढाईत होता. प्रश्नाची ओळ लढाईच्या ओळींच्या मागे रांगेत लागली. एनव्हीडीए ती वाचेपर्यंत त्याचा भाकरीचा ट्रिगर एकदा चालून गेला होता. चालकाला दिसलं ते एवढंच: पात्र खातं आहे, बोलत नाही. एक मिनिट संपलं, खातं बंद.

मी त्याला विचारलं, तू त्यांना लिहून कळवलं का नाहीस? तो म्हणाला, “काका, लिवलं न. मी तिथंच होतो, ऐकूनच राह्यलो होतो. पन ऐकाले वेळ लागते, हे त्यायले कसं सांगू?” त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. तोवर बैठकीतल्या कुणीही, मी धरून, त्याला एकदाही विचारलं नव्हतं की त्या मिनिटात नेमकं काय झालं. आम्ही त्याच्यासमोर त्याच्याबद्दल तीन दिवस भांडलो.

त्या गेमच्या चालकांना आम्ही दोघांनी मिळून इंग्रजीत अर्ज लिहिला आहे. गैरहजेरीतल्या बॉटवरची बंदी ठेवा, आणखी कडक करा, असं त्यात पहिल्याच ओळीत आहे. ट्रिगर वापरणाऱ्याने आपले ट्रिगर मागितल्यावर दाखवावेत, ही अटही आम्हीच सुचवली आहे. पुतण्याने स्वतःचे सगळे सोबत जोडले. प्रश्न लढाई थांबवून विचारा, दोनदा विचारा, आणि घंटीच्या आवाजासह विचारा. उत्तराला सध्या एक मिनिट मिळतं. आम्ही पाच मागितली आहेत.